टिपणीस संग्रह

चरईतल्या आमच्या वाचनालयात
टेंपोतून अकरा खोकी आली, हापूसची,
आतून अजून पेंढ्याचा वास.
टिपणिसांच्या भाच्याने पावतीवर माझी सही घेतली
आणि अट तोंडीच सांगितली:
"मामा म्हणाले होते, एकाच कपाटात ठेवा. वेगळी करू नका."

आता आली का पंचाईत.
दशांश वर्गीकरणात धर्म दोनशेला,
विज्ञान पाचशेला.
आमच्याकडे दोनशे म्हणजे खिडकीजवळ, उजेडात,
पाचशे जिन्याखाली, पंप सुरू झाला की थरथरणारं.
मधे तीनशे समाज, चारशे भाषा
आणि पाण्याचं पिंप.

कार्यकारिणीत तासभर खल झाला.
गुप्ते म्हणाले, भाष्यांच्या शेजारी पुंजभौतिकी शोभत नाही.
कर्णिकबाई म्हणाल्या, उलटं म्हणा.
चहा आला.
ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

मी दाखल करायला घेतली.
शिक्का, अनुक्रमांक, सतराव्या पानावर पुन्हा शिक्का.
सतराव्या पानावरच पहिल्यांदा दिसलं:
समासात पेन्सिल, बारीक, उजवीकडे झुकलेली.
टिपणीस. वागळे इस्टेटला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट.
त्याखाली हिरवी शाई, गोल अक्षर, घाई नसलेलं.
शरयूबाई. पोस्टात होत्या.

विश्वाच्या आरंभावरच्या पुस्तकात
जिथं लिहिलंय, तोवर काळच नव्हता,
तिथं हिरव्या शाईत: "त्याच्या आधी?"
सृष्टीच्या उत्पत्तीवरल्या जुन्या भाष्यात
जिथं म्हटलंय, तेव्हा फक्त तोच होता,
तिथं पेन्सिलीत: "त्याच्या आधी?"
मी दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी उघडी ठेवली,
आणि जेवायची सुट्टी झाली म्हणून मिटली.

सगळंच काही एवढं मोठं नव्हतं.
उत्क्रांतीच्या प्रकरणात: "गॅसचा नंबर लावा."
पुनर्जन्माच्या पानावर: "पुन्हा हाच फ्लॅट नको. पाणी चढत नाही."
ग्रहणांच्या कोष्टकाशेजारी:
"सुटण्याची वेळ यांनी सेकंदासकट काढून दिली.
हे वेल्डिंगची काच घेऊन गच्चीवर.
सुटल्यावर मी आंघोळीला.
पिठलं दोघांनी गरम खाल्लं."

दहाव्या खोक्यात एक नवं पुस्तक,
मेंदू आणि प्रार्थना असा काहीसा विषय.
पहिल्या पानावर खरेदीची तारीख,
शरयूबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली.
समासात पेन्सिल: "हे सिद्ध कसं करणार?"
खाली हिरव्या शाईत उत्तर.
अक्षर उजवीकडे झुकलेलं.

मी तसली पानं मोजली. एकशे चार.
सुरुवातीला ती सारखी हरते,
त्यांना जमत नव्हतं तिच्यासारखं बोलणं.
साठाव्या पानापुढे पेन्सिल अडखळू लागते,
एके ठिकाणी नुसतंच "बरं."
शेवटच्या पानावर पेन्सिल नाहीच. फक्त हिरवं:
"चष्मा काढून ठेवा. झोपा आता."

कपाट मी चारशेला लावलं, भाषेजवळ.
गुप्त्यांना सांगितलं, तिथंच जागा होती.
होतीच. पिंप तेवढं सरकवावं लागलं.

गेल्या आठवड्यात राबोडीची एक मुलगी,
अकरावीतली, तहसीन,
ते उत्पत्तीचं भाष्य परत घेऊन आली.
पेन्सिलीतल्या प्रश्नाखाली निळं बॉलपेन:
"आमच्याकडे हे विचारलं की ओरडतात."

नियम आहे, पुस्तकात लिहिल्यास दंड दहा रुपये.
मी घेतले. पावती फाडली.
खोडरबर खणात होता,
पण बॉलपेन खोडलं जात नाही,
कार्यकारिणीला तसं लेखी कळवता येईल.

पावती घडी करून तिने कंपासमध्ये ठेवली
आणि आणखी एक दहाची नोट पुढे सरकवली.
म्हणाली, दुसऱ्यातही लिहिलंय.